क्रोशाचं ब्लँकेट एवढं महाग का? मंजिष्ठा, नीळ आणि आजीची सुई

आजचा भाग लोकरीचा आहे. हातात काही विणकाम असेल तर ते घेऊनच बसा. बसमध्ये उभे असाल तर नुसतं ऐका, चालेल.

गोष्ट दोन किमतींपासून सुरू होते. गेल्या डिसेंबरात मी आणि आई पुण्यात एका हस्तकला प्रदर्शनाला गेलो होतो. तिथे लहान बाळाचं क्रोशाचं ब्लँकेट टांगलेलं होतं. चौकोनाला चौकोन जोडलेला, विटकरी लाल, गडद निळा, मोहरीसारखा पिवळा. चिठ्ठीवर लिहिलं होतं, नैसर्गिक रंग, हातकाम, ९,५०० रुपये. आई म्हणाली, "एवढ्यात मी दोन दुलया भरून आणीन, वर रिक्षाचे पैसे उरतील." त्याच संध्याकाळी एका मॉलमध्ये क्रोशाचा टॉप बघितला, ७९९ रुपये. आई म्हणाली, "हे बघ, हे कसं रास्त."

ताईचं बाळंतपण मार्चमध्ये होतं. मी मनात म्हटलं, लोकर आणू, रंग घरी करू, ब्लँकेट आपणच विणू, त्यात काय एवढं. सहा रविवार रंगात गेले आणि बाकीच्या संध्याकाळी विणण्यात. आणि हे सगळं करताना सवयीप्रमाणे मी वाचत गेले. आता मला त्या दोन किमतींपैकी विचित्र कुठली वाटते, असं विचाराल तर दुसरी. का, तेच आज सांगणार आहे.

आधी क्रोशाबद्दल. क्रोशे हा फ्रेंच शब्द, अर्थ साधा, छोटा आकडा. आपल्याकडे आज्या त्याला क्रोशाची सुई म्हणतात, पण तिला टोक नसतं, आकडाच असतो. साखळी, खांब, मुका खांब एवढे तीन टाके आले की जवळजवळ सगळं विणता येतं. आता एक गंमत ऐका. दोन सुयांवरचं विणकाम, म्हणजे आपण स्वेटर विणतो ते, मशीनवर फार पूर्वी गेलं. इंग्लंडमध्ये विल्यम ली या माणसाने मोजे विणायचं यंत्र केलं ते १५८९ साली. छापखाना मुंबईत नीट रुजायच्याही कितीतरी आधी. पण क्रोशाचं तसं झालं नाही. क्रोशात एक टाका पूर्ण करायचा, मग आकडा विणलेल्या कापडात कुठेही खुपसायचा, पुढे, मागे, कोपऱ्यात, जिथे नक्षी सांगेल तिथे. हे काम कारखान्यातल्या मशीनला आजही जमत नाही. क्रोशासारखं दिसणारं जाळीचं कापड मशीन करतं, पण ती नक्कल असते. खरं क्रोशे दिसलं, जगात कुठेही, की ते कुणाच्या तरी हातांनी केलेलं असतं.

म्हणजे तो ७९९चा टॉप खरा असेल, तर तोही कुणीतरी बसून विणलेला आहे. हे लक्षात ठेवा, याच्याकडे परत येऊ.

क्रोशे आपल्याला फार प्राचीन वाटतं, पण छापील नमुन्यांची पुस्तकं येतात ती १८४०च्या दशकात. लंडनमध्ये एलेओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर नावाच्या बाईंनी ती काढली. (नाव पाठ करायला मला दोन दिवस लागले.) आणि नेमकं त्याच दशकात, १८४५ पासून, आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. तिथला गरीब माणूस बटाट्यावरच जगत होता. सुमारे दहा लाख माणसं भुकेने आणि साथीने मेली, जवळपास तेवढीच देश सोडून गेली. त्या दिवसांत कॉर्क भागातल्या नन्सनी आणि काही जमीनदारांच्या घरच्या बायकांनी शेतकऱ्यांच्या मुलींना क्रोशे शिकवलं. व्हेनिसची महागडी सुईची लेस करायला महिने लागत, तिच्यासारखी दिसणारी लेस क्रोशाने कितीतरी लवकर होई. एकीने नुसती गुलाबाची फुलं करायची, दुसरीने पानं, तिसरीने सगळं जोडायचं. त्या पैशांतून घरभाडी भरली गेली, कुणाच्या अमेरिकेच्या बोटीचं तिकीट निघालं. लंडन-पॅरिसच्या श्रीमंत बायकांच्या कॉलरवर जी नाजूक लेस दिसायची, ती धुराने भरलेल्या झोपड्यांत बसून केलेली होती.

असंच पुढे आपल्या देशात झालं. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. नाशिकला उगम पावलेली आपलीच गोदावरी जिथे समुद्राला मिळते, तिथलं हे गाव. एकोणिसाव्या शतकात तिथल्या बायकांना मिशनऱ्यांनी लेस शिकवली, आणि पुढे क्रोशाची लेस तिथून परदेशी जायला लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी तिथे राहून अभ्यास केला, १९८२ साली त्यांचं पुस्तक आलं, 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर'. त्यांनी दाखवलं ते असं की या बायका दिवसाचे सहा-आठ तास विणायच्या, माल निर्यात व्हायचा, व्यापारी श्रीमंत व्हायचे, पण कुणाच्याच लेखी त्या कामगार नव्हत्या. व्यापारी म्हणायचे, या घरी बसलेल्या बायका, फावल्या वेळात विणतात. कामगारच नाही म्हटल्यावर मजुरी कसली मागायची?

हे वाचताना मला आजी आठवली. साताऱ्याला असते. ती बत्तीस वर्षं एका दुकानासाठी तोरणं, टेबलक्लॉथ आणि रुखवतात मांडायचे रुमाल विणायची. नगावर पैसे. एखादा टाका इकडे-तिकडे झाला की दुकानदार नग परत करायचा, आणि दोऱ्याचे पैसे मात्र कापून घ्यायचा. बाबांची दहावीपर्यंतची फी त्यातून गेली. आणि जनगणनेचा माणूस दारात आला की आजोबा सांगायचे, "ती? ती घरीच असते." मीही लहानपणी शाळेच्या निबंधात लिहिलंय, माझी आजी काही काम करत नाही.

असो. आता चौकोनांकडे येऊ. ज्याला आपण ग्रॅनी स्क्वेअर म्हणतो, म्हणजे मध्यापासून बाहेर वाढत जाणारा, तीन-तीन खांबांच्या पुंजक्यांचा चौकोन, त्याचा जुना छापील नमुना १८८५ साली अमेरिकेतल्या 'प्रेअरी फार्मर' या शेतकऱ्यांच्या साप्ताहिकात सापडतो. शेतीच्या साप्ताहिकात! कल्पना अगदी गोधडीची आहे. उरलेल्या लोकरीचे तुकडे फेकायचे नाहीत, एक-एक फेरी एका रंगाची करायची, चौकोन साठवत जायचे, आणि पुरेसे झाले की जोडायचे. आपल्या आज्यांनी जुन्या लुगड्यांचं जे केलं तेच त्यांनी लोकरीचं केलं.

पण १८८५ सालच्या शेतकऱ्याच्या घरात एवढ्या रंगांचे तुकडे उरायला लागले कसे? याचं उत्तर तीस वर्षं आधीचं आहे. १८५६, ईस्टरची सुट्टी, लंडन. विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा घरातल्या प्रयोगशाळेत मलेरियावरचं औषध, क्विनाइन, बनवायला बसला होता. औषध झालं नाही. काळपट गाळ झाला, आणि त्यातून जांभळा रंग निघाला. मॉव्ह. कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या अॅनिलिनपासून झालेला रंग. पोराने शिक्षण सोडलं, कारखाना काढला आणि जगातली सगळी रंगपेटी बदलून टाकली. पुढच्या काही दशकांत गुलाबी, जांभळा, हिरवा, जो म्हणाल तो रंग स्वस्तात मिळू लागला.

आता हा अॅनिलिन शब्द बघा. हा पदार्थ पहिल्यांदा ज्यांनी मिळवला, त्यांच्यात फ्रिट्शे नावाचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. १८४०च्या सुमारास त्याने तो मिळवला नीळ तापवून, आणि नाव ठेवलं 'अनिल'वरून. 'अनिल' हे पोर्तुगीज-स्पॅनिश भाषांतलं निळीचं नाव, ते आलं अरबी 'अन-नील'वरून, आणि ते आपल्या 'नील'वरून. म्हणजे निळीच्या शेतीला पुढे ज्या रसायनांनी संपवलं, त्यांच्या नावातच नीळ आहे. हे कळलं तेव्हा मी रात्री साडेबाराला ताईला मेसेज केला. तिने अंगठा पाठवला.

बरं, आता माझे उद्योग. पांढरी, न रंगवलेली लोकर आणली, चारशे ग्रॅम. आणि पहिल्याच रविवारी आपल्या घरातली सगळ्यात रंगीत गोष्ट काढली, हळद. लोकर अशी झळाळली की मी लगेच फोटो टाकला. मग आजीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, हळदीचा डाग पडला की मी काय करते?" उन्हात वाळत घालते. डाग उडतो. आयुष्यभर बघितलेली गोष्ट, पण डोक्यात आली नाही! तरी खात्री करायला लोकरीचा एक तुकडा पुठ्ठ्याखाली अर्धा झाकून खिडकीत ठेवला. आठ दिवसांनी झाकलेला अर्धा पिवळा, उघडा अर्धा फिकट. तुरटी घातली तरी हळद टिकत नाही. शिवाय साबण लागला की ती लाल होते, जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीत चुन्यासारखा क्षार घालून करतात ते याचमुळे. लाळ, दूध आणि रोजचं धुणं, बाळाच्या ब्लँकेटला हे चालणार नाही.

रंग लावणं सोपं आहे, तो टिकवणं अवघड, हे तेव्हा कळलं. त्यासाठी जुने रंगारी तुरटी वापरत. शंभर ग्रॅम लोकरीला साधारण बारा ग्रॅम तुरटी, पाणी उकळीच्या जरा खाली, तासभर. तुरटीतलं अॅल्युमिनियम एका हाताने लोकर धरतं आणि दुसऱ्या हाताने रंग, असं समजा. नुसत्या पाण्याने मग तो सुटत नाही. पिवळ्यासाठी मी हळद सोडून डाळिंबाच्या साली घेतल्या. कोपऱ्यावरचा ज्यूसवाला त्या टाकूनच देतो, त्याने पिशवी भरून दिल्या आणि विचारलं, "ताई, पोट बिघडलंय का?" सालीत टॅनिन भरपूर, त्यामुळे रंग पक्का बसतो. हळदीसारखा झगझगीत नाही, जुन्या पितळेसारखा येतो.

लाल मात्र मंजिष्ठेचा. काष्ठौषधींच्या दुकानात मिळते, तुमच्यापैकी काहींनी फेसपॅकमध्ये वापरली असेल. ही वेल आहे, रंग तिच्या मुळांत असतो. लोकरीच्या वजनाएवढी मंजिष्ठा घेतली, पातेल्यात घातली, आणि घाईत खळखळून उकळली. झालं, लाल ऐवजी चॉकलेटी. मंजिष्ठेला हात जेमतेम सोसेल त्याहून थोडीच जास्त ऊब लागते, उकळलं की तपकिरी रंग वर येतात. दुसऱ्या वेळी रंग सुरेख आला, पण मी गरम लडी काढून एकदम गार पाण्याच्या नळाखाली धरली. लोकर आक्रसली, तंतू एकमेकांत गुंतले, जाड नमदा तयार झाला. चाळीस ग्रॅम लोकर गेली. आता तो नमदा गरम कुकरखाली ठेवतो. तिसऱ्या वेळी जमलं.

हा लाल किती जुना आहे? मोहेंजोदडोच्या उत्खननात, शंभर वर्षांपूर्वी, एक चांदीचं भांडं सापडलं. त्याला सुती कापडाचा तुकडा चिकटून राहिला होता. चांदीच्या गंजाने तो कुजण्यापासून वाचला. चार हजार वर्षांहून जुना, आणि मंजिष्ठेच्या जातीच्या रंगाने रंगवलेला. तिथल्या कापडाची तपासणी कुठे झाली माहितीये? आपल्या माटुंग्यात. तिथल्या कापूस प्रयोगशाळेत टर्नर आणि गुलाटी या दोघांनी ते धागे बघितले आणि १९२८ साली त्यावर टिपण लिहिलं. ती संस्था आजही माटुंग्यातच आहे. पुढच्या वेळी लोकलमधून जाताना आठवण काढा.

आपल्याकडे सुतावर लाल चढवायला आणखी एक झाड होतं, आल. काही ठिकाणी बारतोंडी म्हणतात. तेही मंजिष्ठेच्याच कुळातलं, रंग मुळांतच, आणि मुळं रंगाला यायला तीनेक वर्षं थांबावं लागे. खानदेश-वऱ्हाडात, माळव्यात, बुंदेलखंडात त्याची शेती व्हायची. आता तुम्ही म्हणाल, कधी नाव ऐकलं नाही. ऐकलंय. आलीच्याच भाऊबंदांतलं एक झाड बाटलीत भरून 'नोनी ज्यूस' म्हणून विकतात. रंग म्हणून मात्र ते गेलं. कारण १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेच्या युरोपीय बहिणीतला मुख्य लाल रंग, अॅलिझरिन, कोळशाच्या डांबरातून तयार केला. १८६९ च्या जूनमध्ये त्याच्या कारखानदारीच्या पद्धतीचं पेटंट मागायला जर्मन कंपनी पोहोचली, आणि तोच आपला पर्किन, एका दिवसाच्या फरकाने मागे राहिला. थोड्याच वर्षांत फ्रान्समधली मंजिष्ठेची शेतं ओस पडली, आणि आपल्याकडे आल खणणं कुणाला परवडेना. रंगारी आडनाव राहिलं. धंदा डब्यातल्या पुडीवर गेला.

यात मला एक सांगायचंय. नैसर्गिक रंगांबद्दल बोलताना आपण लगेच हळवे होतो, पूर्वी सगळं कसं शुद्ध होतं वगैरे. थांबा जरा. पूर्वी पक्का, चढा लाल ज्याला परवडे त्याच्याच अंगावर दिसे. पुडीतल्या रंगाने गरिबाच्या घरात गुलाबी आणि जांभळा आला. आजीच्या पलंगावर अजून एक अॅक्रिलिकचं ब्लँकेट आहे, पोपटी-राणी-केशरी, बघितलं की डोळे मिटतात. पण ते पंचवीस वर्षं वॉशिंग मशीनमध्ये फिरतंय आणि एक रंग हललेला नाही. मी त्याला नावं ठेवणार नाही.

आणि शुद्धतेचं म्हणाल, तर निळा रंग ऐका.

नीळ इतर रंगांसारखी वागतच नाही. ती पाण्यात विरघळत नाही. तिला आधी आंबवावं लागतं, किंवा चुना आणि गुळासारखं काही घालून तिच्यातला प्राणवायू काढून घ्यावा लागतो. दक्षिणेत कुंडात टाकळ्याचं बी शिजवून घालतात. हो, पावसाळ्यात आपण भाजी करतो तोच टाकळा. कुंड तयार झालं की पाणी निळं नाही, पिवळट हिरवं दिसतं, वर तांब्यासारखी साय येते, वास मात्र शेजारच्यांनी दार वाजवण्याइतका येतो. वाजवलंच. लोकरीसाठी चुना बेताने घालावा लागतो, जास्त झाला की लोकर खरखरीत होते. लडी आत बुडवायची, हलवायची नाही, पाच-सात मिनिटांनी हळूच वर काढायची. बाहेर येते तेव्हा हिरवी. आणि मग तुमच्या डोळ्यांदेखत, हवा लागेल तशी, काठाकडून निळी होत जाते. मी त्या दिवशी एकटीच ओरडले. एकदा बुडवून आकाशी, पाचदा बुडवून नऊवारीच्या काठासारखा गडद. (कपड्यांना घालतो ती नीळ वेगळी बरं का, तिचा या झाडाशी संबंध नाही.)

या रंगाला ग्रीकांनी नावच 'भारतातला' असं दिलं, त्यावरून इंडिगो. युरोपात मागणी वाढली तसे बंगाल-बिहारमध्ये गोऱ्या निळवाल्यांचे मळे आणि कोठ्या झाल्या. शेतकऱ्याला आगाऊ रक्कम द्यायची, भाताच्या जमिनीत नीळ लावायला लावायची, भाव आपण ठरवायचा, म्हणजे कर्ज फिटतच नाही. १८५९ मध्ये बंगालच्या शेतकऱ्यांनी नीळ पेरायला साफ नकार दिला. १८६० मध्ये दीनबंधू मित्र यांचं त्यावरचं 'नीलदर्पण' नाटक प्रसिद्ध झालं. त्याचं इंग्रजी भाषांतर छापून घेतलं म्हणून जेम्स लाँग या पाद्र्यालाच महिनाभर तुरुंगात जावं लागलं. बिहारमध्ये चंपारणला तर नियमच होता, तीनकठिया. वीस कठ्ठ्यांचा एक बिघा, त्यातल्या तीन कठ्ठ्यांत नीळ लावलीच पाहिजे.

मग १८९७ मध्ये जर्मनीतल्या बीएएसएफ कंपनीने कारखान्यात तयार केलेली नीळ बाजारात आणली. झाडाच्या निळीचा भाव कोसळला. तुम्हाला वाटेल, सुटला शेतकरी. सुटला नाही. निळवाले म्हणाले, नीळ लावायची नसेल तर नको, पण त्या बंधनातून मोकळं व्हायचे पैसे भरा, किंवा वाढीव खंड द्या. नीळ पेरली तरी पैसे जायचे, सुटली तरी जायचे. मग पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला, झाडाच्या निळीला पुन्हा भाव आला, आणि पुन्हा तेच सुरू. राजकुमार शुक्ल या तिथल्या शेतकऱ्याने गांधीजींचा पिच्छा पुरवून त्यांना चंपारणला नेलं ते एप्रिल १९१७ मध्ये. हजारो शेतकऱ्यांच्या जबान्या लिहून घेतल्या गेल्या, आणि १९१८ च्या कायद्याने तीनकठिया संपला. शाळेत हे आपण 'चंपारण सत्याग्रह, दोन गुण' असं शिकलो. हात निळे झाल्यावर ते वेगळं वाचलं जातं, एवढंच सांगते. आणि ती नीळ नैसर्गिकच होती. आज मी वापरली ती तामिळनाडूतल्या शेतातली, वडी महाग होती, आणि मी घासाघीस केली नाही.

आता डिझाइन. इथे मला सगळ्यात जास्त मजा आली. दुकानात जाऊन लोकर घ्यायची तर शंभर रंग समोर असतात आणि आपण गोंधळतो. इथे माझ्याकडे तीनच भांडी, लाल, पिवळं, निळं. पण पिवळी लडी निळीत एकदा बुडवली की हिरवी. मंजिष्ठेची लडी निळीत बुडवली की वांग्याचा जांभळा. शिवाय मंजिष्ठेचं तेच पाणी दुसऱ्यांदा वापरलं की विटकरी जाऊन गाजरी येतो, तिसऱ्यांदा फिका गुलाबी. मोजले तर अकरा छटा झाल्या. आणि गंमत म्हणजे कुठलीही छटा कुठल्याही शेजारी ठेवा, भांडत नाहीत. एकाच मोजक्या भांड्यांतून आल्यामुळे असेल. मी बेचाळीस चौकोन केले, सहा बाय सात. प्रत्येकाच्या मध्यात फिका गुलाबी, मग दोन फेऱ्या बदलत्या, आणि निळा फक्त कोपऱ्यांकडून मध्याकडे गडद होत जाईल असा मांडला. जमिनीवर चौकोन पसरून तीन दिवस नुसती हलवाहलव चालली होती. आई त्यांना ओलांडून जायची.

अडलं ते काळ्यापाशी. ग्रॅनी स्क्वेअरची शेवटची फेरी काळी करायची पद्धत जुनी आहे, कारण काळा सगळ्या विजोड रंगांना एका चौकटीत धरतो. पण नैसर्गिक काळा करायचा म्हणजे हिरड्यासारखं टॅनिन आणि त्यावर हिराकस, म्हणजे लोखंड. आणि लोखंड लोकर खातं. जुने इराणी, तुर्की गालिचे बघा, काही वेळा काळी-तपकिरी नक्षी खड्ड्यासारखी खाली गेलेली असते. बाकीची लोकर उभी, काळी तेवढी झिजलेली. बाळाच्या तोंडात जाणाऱ्या कडेला मला ते नको होतं.

उपाय आजीने सांगितला. "काळी लोकर रंगवायची कशाला? घोंगडी कधी कुणी रंगवली?" खरंच की! आपली दख्खनी मेंढी बहुतेक काळीच असते. धनगर लोकर कातरतात, सूत काढतात, सणगर घोंगडी विणतात, चिंचोक्याची खळ लावतात, रंगाचा प्रश्नच नाही. माण तालुक्यातून आजीच्या ओळखीने हातकताईचं काळं सूत आलं. ते टोचतं. म्हणून बाळाच्या बाजूला नाही, फक्त जोडांच्या ओळीत आणि अगदी बाहेरच्या काठाला वापरलं, त्याला आतून मऊ लोकरीची एक फेरी दिली. नीट बघितलं तर ते काळं नाहीच, उन्हात तपकिरी झाक मारतं.

आता हिशेब. एक चौकोन चाळीस मिनिटं, बेचाळीस चौकोनांचे अठ्ठावीस तास. जोडणं आणि काठ नऊ तास. रंगाचे, वाया गेलेले सोडून, वीस तास. सत्तावन्न तास. सामान तेवीसशे रुपयांचं. म्हणजे मी ते प्रदर्शनातल्या भावाने, ९,५०० ला विकलं असतं, तर तासाला सव्वाशे रुपयांच्या आसपास पडले असते, आणि त्यात स्टॉलचं भाडं, प्रवास, न विकले गेलेले दिवस धरलेले नाहीत. मग आजीला त्या ७९९च्या टॉपचा फोटो दाखवला. तिने चष्मा चढवून फोन जवळ घेतला, बोटाने मोठा केला, टाके मोजले. म्हणाली, "चार दिवसांचं काम आहे. माझ्या हाताने साडेतीन." मग जरा थांबून म्हणाली, "तिला नगावर किती देत असतील गं?"

मी विचारलं, तुला किती मिळायचे? "रुमालाला सव्वा रुपया. जोडीला अडीच." तिला कुठल्या वर्षी किती, कुठल्या दिवाळीला चार आणे वाढवले, सगळं पाठ आहे. कुणी विचारलंच नव्हतं, एवढंच. मी फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं. तो पंचेचाळीस मिनिटांचा तुकडा, तिच्या परवानगीने, पुढच्या भागात ऐकवणार आहे.

ब्लँकेट बारशाला पाळण्यात घातलं. सगळे रंगांचं कौतुक करत होते. आजीने ते उचललं, उलटं केलं, मागची बाजू उजेडात धरली, आणि चौथ्या ओळीतल्या एका चौकोनावर नख ठेवून म्हणाली, "इथं टोक नीट लपवलं नाहीस. आण सुई."